आक्काच्या वतीनं

एप्रिल लागला की मला राग यायला लागतो. उन्हाळ्यात कुणाचा घोळणा फुटतो, कुणाच्या पाठीवर घामोळ्या उठतात, तसं माझं हे. सकाळी आठलाच ऊन दारात येऊन बसतं. लिंबाच्या बारीक फुलांचा कडवट वास सुटतो. शेजारच्या शाळेत शेवटच्या पेपरचा टोल पडतो, पोरं ओरडत बाहेर पळतात आणि माझा राग जागा होतो.

मी मुलांची बुद्धी तपासते. पदवीनं मी मानसशास्त्रज्ञ, पण खेड्यापाड्यांत मला 'डोस्क्याची बाई' म्हणतात, आणि मला ते नाव आवडतं. वर्गात मागं पडणाऱ्या मुलांची तपासणी आमच्याकडं उन्हाळ्यातच होते. एक तर शाळा रिकाम्या असतात, दुसरं म्हणजे ऊसतोडीला गेलेले आईबाप तोवर परत आलेले असतात. बीडहून मी पेटी घेऊन निघते. पेटीत लाल-पांढरे ठोकळे, खाचांची लाकडी पाटी, चित्रांची कार्डं आणि सेकंद मोजायचं घड्याळ. आज पाटोदा, परवा घाटनांदूर, पुढच्या आठवड्यात आणखी कुठं.

उन्हाळ्यातल्या रिकाम्या शाळेला एक वेगळाच वास असतो. खडूची भुकटी, कोपऱ्यातल्या माठाखालची ओली वाळू, खिचडीच्या खोलीतलं शिळं तेल. पंखा फिरतो तो गरम हवाच इकडून तिकडं ढकलत. मग लाईट जाते आणि तेवढंही थांबतं. बाहेर व्हरांड्यात आया बसलेल्या असतात, उसाच्या पाचटानं चरचरून गेलेले हात मांडीवर ठेवून. त्या मला पेटी उघडताना पाहतात आणि एकमेकींना हळूच विचारतात, "सुई-बिई टोचती का गं ही?"

घाटनांदूरला एका मुलाला विचारलं होतं, शनिवारनंतर काय येतं? तो म्हणाला, "बाजार." आमच्या कागदावर हे उत्तर चूक होतं. मी बरोबर धरलं. त्याच्या गावात शनिवारनंतर बाजारच येत असणार. मुलाला येतं काय आणि आपण विचारतो काय, यांत किती अंतर असतं हे मला शिकवावं लागलं नाही. ते मी माझ्या घरात पाहिलं होतं.

माझी मोठी बहीण कौसा. मी तिला आक्का म्हणते. धारूरच्या डोंगरापलीकडं आमचं गाव. आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला, कोयत्याला जायचे, आम्ही दोघी मावशीकडं राहायचो. आक्काचा कान लहानपणापासून वाहायचा. मावशी लसूण घालून तेल कोमट करायची, कानात सोडायची आणि वरून कापसाचा बोळा. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की आक्काला हाक मारायची तर खांद्याला हात लावायचा. अंधार पडला की ती गप्प होते, हेही ठाऊक होतं. पण 'तिला ऐकू येत नाही' हे वाक्य आमच्यात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. कान वाहतो, एवढंच. कुणाचं नाक वाहतं, तिचा कान वाहतो.

आक्का लोकांच्या तोंडाकडं बघायची. ओठ दिसले की तिला पुष्कळ कळायचं. नाही कळलं की हसायची. तेवढाच तिचा बचाव होता. समोरचा काय बोलला कोण जाणे, आपण हसावं, म्हणजे तो रागावणार नाही.

गुरुजी रागवायचे. त्यांना वाटायचं पोरगी चेष्टा करते. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. भीतीनं नव्हे. त्यांनी आक्काचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून मी त्यांचं घेत नाही. ते तिला 'ए ठोंब्ये' म्हणायचे. फळ्याकडं तोंड करून ते पाढे सांगायचे, आणि फळ्याकडं तोंड केलेल्या माणसाचे ओठ कसे दिसणार? मग वळून विचारायचे, "सांग, काय म्हणालो मी?" आक्का हसायची. छडी बसायची. छडीनं भागलं नाही की तिला कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी करायचे. इतर मुलांसाठी ती शिक्षा होती. आक्कासाठी भिंतीकडं तोंड झालं की सगळी शाळाच बंद व्हायची. मग तिथं गुरुजी नाहीत, पोरं नाहीत, पाढे नाहीत, समोर फक्त चुन्याचे पोपडे. मी पहिलीत होते, ती दुसरीत, तेही दुसऱ्यांदा. आमचे दोन्ही वर्ग एकाच खोलीत बसायचे. तिची पाठ मला दिसायची. पोपडे नखानं काढत ती उभी असायची.

निकालाच्या दिवशी बाप आला. नुकताच कारखान्यावरून परतला होता, टोपी मळलेली, टाचा फाटलेल्या. गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, "धाकटीला शिकवा. हिच्या कानात बोळे हायत का डोस्क्यात भुसा, काय कळत न्हाई. हिला कोयत्याला न्या. इथं माझा वर्ग नासवती." बापानं हात जोडले. आक्का एकदा गुरुजींच्या तोंडाकडं, एकदा बापाच्या तोंडाकडं बघत होती आणि हसत होती.

कानात बोळे. हे शब्द त्यांच्या तोंडून आले होते. आक्काच्या कानात खरोखरच मावशीनं घातलेला बोळा होता, पांढरा, दिसेल असा. त्यांनी तो पाहिला होता. पाहून त्याचा विनोद केला होता.

पुढच्या दिवाळीला आक्का आईबापाबरोबर उसाच्या फडात गेली आणि मी शाळेत राहिले.

मी शिकत गेले. मावशीकडून अंबाजोगाई, तिथून संभाजीनगर. तिथल्या वर्गात एक दिवस मॅडम सहज म्हणाल्या, "बुद्धी तपासायच्या आधी मूल नीट ऐकतं का, नीट बघतं का, ते तपासायचं. हे विसरलात तर पुढची सगळी तपासणी कचऱ्यात." सगळ्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मला लिहिता येईना. पेन हातात तसंच राहिलं. इतकं सोपं होतं हे. मुलाच्या मागं उभं राहायचं, तोंडावर हात धरायचा आणि हळू आवाजात नाव घ्यायचं. वळलं तर ऐकू येतं, नाही वळलं तर दवाखान्यात पाठवायचं. त्याला पदवी लागत नाही. मागं उभं राहण्याइतकी फुरसत लागते, आणि त्या मुलाचं नाव ठाऊक असावं लागतं.

त्या दिवसापासून हा राग माझ्यापाशी आहे. माझ्या विषयाच्या पुस्तकांत रागाचं काय करावं यावर अख्खे धडे आहेत. दीर्घ श्वास घ्या, समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, सोडून द्या. मी पालकांना ते सांगतेही, आणि त्यांना त्याचा उपयोग झालेला पाहिलाय. स्वतःवर मात्र कधी वापरलं नाही. घरात कापूस जपावा तसा मी हा राग जपलाय, ओल लागू न देता. आईबापावर का नाही राग, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्यांना लेकरू दिसत होतं, त्याचं दुखणं कळत नव्हतं, आणि कळण्यासाठीच तर त्यांनी ते शाळेत धाडलं होतं. ओळखणं हे गुरुजींचं काम होतं.

तर तो उन्हाळा. दोन-तीन वर्षांपूर्वीचा. धारूरजवळच्या एका गावात तपासणी होती. मे महिना, डोंगराचे काळे दगड असे तापलेले की शेळ्यासुद्धा त्यांवर पाय द्यायला तयार नव्हत्या. मुख्याध्यापकांना हौस, त्यांनी तपासणीचा कार्यक्रम करून टाकला होता. शाळेपुढं कापडी मांडव, माईक, खुर्च्या, शाल-श्रीफळ. मी पेटी घेऊन आत शिरले आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत गुरुजी दिसले.

म्हातारे झाले होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात काठी. मला त्यांनी ओळखायचं काही कारण नव्हतं. मी मात्र त्यांच्याकडं बघत राहिले आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सूत्रसंचालक शिक्षकानं विचारलं, "गुरुजी, कधी आलात?" ते म्हणाले, "हो हो, आज लई ऊन हाय." कुणी बोलायला लागलं की त्यांची नजर त्याच्या डोळ्यांवर नसायची, तोंडावर असायची. डावा हात अधूनमधून कानामागं जायचा आणि कुणी पाहिलं की खाली यायचा. हे माझं रोजचं काम आहे. मला दुसरं कुणी सांगायची गरज नव्हती. गुरुजींना ऐकू येत नव्हतं, आणि ते लपवत होते.

देव मानत असते तर त्या क्षणी हात जोडले असते.

सत्कार झाला. गुरुजी बोलायला उभे राहिले. "पोरांची डोस्की तपासायला आता मशीन आन् ठोकळे लागतेत," ते म्हणाले. "आमी उभा जन्म पोरात काढला. तोंड बघून सांगतो, कोण हिरा हाय आन् कोण दगड." टाळ्या पडल्या. मग त्यांनी काठी उचलली आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीकडं रोखली. आठ-नऊ वर्षांची, मेंढपाळाच्या घरातली, तेल लावून चप्प वेणी घातलेली. पल्लवी तिचं नाव. "ही बघा. मघाधरनं बघतोय, हाक मारली तर वळत न्हाई. दोनदा सांगितलं तर तोंडाकडं बघत बसती. हिच्यापुढं ठोकळे ठेवून काय व्हणार? ठोकळ्याला ठोकळा!"

मांडव हसला. पल्लवीच्या आईनं पदर तोंडापुढं ओढला. आणि पल्लवी, सगळे हसताहेत हे बघून, हसली.

मी माईक घेतला. माझा आवाज फार गोड निघाला, मलाच त्याचं नवल वाटलं. "गुरुजी, मुलं बुजलीत. आधी तुम्ही बसा ना तपासणीला. तुम्हाला बघून त्यांना धीर येईल." मुख्याध्यापक खूश झाले. टेबल पुढं आलं, गुरुजी खुर्चीत टेकले, मी ठोकळे मांडले. मग मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले, तोंडापुढं हात धरला आणि बेताच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, लाल ठोकळा उचला."

ते सरळ बसून राहिले. समोरच्या मुलांनी ऐकलं होतं.

"गुरुजी, लाल ठोकळा उचला."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक पोरगं फिसकन हसलं. गुरुजींना कळलं की काहीतरी चाललंय. त्यांनी मांडवाकडं पाहिलं, माणसांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि ते हसले. मी बाजूनं तो चेहरा पाहिला आणि आतून हलले. ते हसू मला चांगलं ओळखीचं होतं. त्यात कपट नव्हतं. मला कळत नाहीये, माझ्यावर रागावू नका, एवढंच त्यात होतं. तिथं थांबता आलं असतं. भला माणूस थांबला असता.

मी पुढं आले, त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले आणि खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "कळत न्हाई का? कानात बोळे हायत का डोस्क्यात भुसा?"

गुरुजींच्या मानेची शीर ताठ झाली. "कोण तू?"

"कौसाची बहीण."

ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. आठवायचा खरा प्रयत्न करत होते, तेही मला दिसलं. शेवटी म्हणाले, "कोण कौसा?"

इतकी वर्षं मी त्या प्रसंगाची तयारी करत होते. ते चिडतील, नाकारतील, रडतील, शिव्या देतील, सगळं मनात घोळवून झालं होतं. त्यांच्या लेखी कौसा नावाचं कुणी नसेलच, हे मात्र सुचलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी घाईघाईनं चहा मागवला. मांडव पांगला. मी पेटी उचलून वर्गात गेले आणि पल्लवीला बोलावलं. ठोकळ्यांची नक्षी मी एकदा करून दाखवली, दुसऱ्यांदा दाखवायची पाळी तिनं येऊ दिली नाही. अवघड नक्षी तर तिनं माझ्याआधी जुळवली आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मागं उभं राहून नाव घेतलं तेव्हा ती वळली नाही. तिच्या आईला समोर बसवून मी सांगितलं, "हिचं डोस्कं लई चांगलं हाय. कान बिघडलाय. उद्याच्या उद्या अंबाजोगाईला न्या." बाईनं पल्लवीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मंग शाळेत कावून येडी म्हणतेत हिला?" पल्लवीच्या कानाचं ऑपरेशन झालं. आता पुढच्या बाकावर बसते आणि भांडखोर झालीय, असं तिच्या बाई सांगतात. भांडू दे.

माझ्याविरुद्ध अर्ज गेला. ज्येष्ठ शिक्षकाचा भर सभेत अपमान. बीडच्या ऑफिसात साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, त्यांना फाईल मिटवायची होती. म्हणाले, "दोन ओळी दिलगिरीच्या लिहा बाई. म्हातारं माणूस आहे."

मी म्हणाले, "आधी त्यांनी लिहू दे साहेब. माझ्या बहिणीला. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन."

तेव्हापासून धारूर तालुका माझ्याकडं नाही. तिकडं दुसऱ्या बाई जातात. चांगल्या आहेत. मुलांच्या मागं उभ्या राहतात, मी विचारून घेतलंय.

अर्ज गेला त्याच आठवड्यात मी आक्काकडं गेले. तिला पाटोद्याच्या बाजूला दिलंय. नुकतीच कारखान्यावरून आली होती, घर झाडूनपुसून झालं होतं आणि ती चुलीपुढं भाकरी थापत होती. आदल्या वर्षी तिला मी कानाचं मशीन बसवून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, हिला लहानपणी आणलं असतं तर एक कान वाचला असता. मशीन ती बाजारात जाताना लावते. घरात नको म्हणते, तव्याचा आवाज डोक्यात घुसतो. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं, हळूहळू, ओठ दिसतील असं. मला वाटलं होतं, आक्का म्हणेल, जाऊ दे सुमे, झालं गेलं. गोष्टीतल्या मोठ्या बहिणी तसंच म्हणतात.

आक्काचे हात पिठात थांबले. "परत सांग," ती म्हणाली. "ते ठोकळ्याचं."

मी परत सांगितलं.

ती हसली. कळलं नाही म्हणून हसायची तसं नव्हे. पोटातून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर, भाकरी करपेस्तोवर. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, "माझं नाव सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मंग?"

"म्हणले, कोण कौसा."

आक्कानं करपलेली भाकरी तव्यावरून काढली, बाजूला ठेवली, हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर ती लग्नातलं जरीकाठी लुगडं नेसून, केस विंचरून, मशीन लावून दारात उभी. "चल," म्हणाली.

"कुठं?"

"त्याच्या घरी."

धारूरला उतरलो तेव्हा ऊन भाजून काढत होतं. गुरुजींच्या दारात कूलर लावलेला, ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. सुनेनं पाणी दिलं. त्यांनी मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. आक्का सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मुळातच मोठा, स्वतःला ऐकू जावं म्हणून वर चढलेला.

"मी कौसा! तुमच्या शाळंत व्हते!"

"आँ?" गुरुजी म्हणाले.

सून संकोचून म्हणाली, "त्यांना कमी ऐकू येतंय ताई. मशीन आणलंय, पण लावत न्हाईत. लोकं हसतील म्हणतेत."

आक्का त्यांच्या आणखी जवळ सरकली, वाकली, आपला चेहरा त्यांच्या चेहऱ्यासमोर आणला. शेजारच्या दोन दारांतून बाया डोकावल्या. "भितीकडं तोंड करून उभी करायचा तुमी मला! मला ऐकू येत नव्हतं! ऐकू येत नव्हतं मला!"

गुरुजी तिच्या ओठांकडं बारकाईनं बघत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं काहीतरी आलं. "हां हां," ते मान डोलावत म्हणाले. "माझी विद्यार्थिनी. बस की बाई. कुठवर शिकलीस मग? छान, छान."

आक्का तशीच वाकून राहिली. मग सरळ झाली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुनेनं दिलेला पाण्याचा तांब्या न पिता तसाच खाली ठेवला. आम्ही बाहेर पडलो. स्टँडपर्यंत ती पुढं चालत होती, मी मागं. वाटेत एकदा वाटलं ती रडतेय, म्हणून पुढं होऊन पाहिलं. रडत नव्हती. विचार करत होती.

स्टँडवरच्या पत्र्याखाली ती माझ्याकडं वळली. "त्याला कळलं का?"

खोटं बोलावं असं मनात आलं. पण आक्का ओठ वाचते, तिच्याशी खोटं बोलणं अवघड असतं. "न्हाई वाटत," मी म्हणाले.

"मंग परत येऊ," आक्का म्हणाली. "कळंपर्यंत येऊ."

त्या उन्हाळ्यात आम्ही परत गेलो. नंतरच्या उन्हाळ्यातही गेलो. ह्या वर्षी ती कारखान्यावरून आली, ट्रॅक्टरमधून उतरली, अंगावरचं पाचट झटकलं आणि पहिलं मला विचारलं, "हाय ना अजून म्हातारा?"

"हाय," मी म्हणाले.

"मंग ठीक," ती म्हणाली आणि आंघोळीला गेली.